शमुवेलच्या माथ्यावर हे खापर कशाला?

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. अंगाला तेल लावण्याचा विधी पडद्याआड उरकला गेला. कॅमेऱ्यालाही तिथे मज्जाव होता. तेल जेरुसलेममध्ये सिद्ध केलेलं होतं, जैतुनाच्या डोंगरावरच्या फळांचं. गायकवृंद गात होता ते हँडेलनं १७२७ साली रचलेलं संगीत, आणि त्याचा विषय सादोक याजकानं शलमोनाला केलेला अभिषेक. हे सगळं पाहिल्यावर एक निष्कर्ष आपसूक जिभेवर येतो, आणि तो आपल्याकडच्या लेखांतून, भाषणांतून अधूनमधून ऐकूही येतो: राजाला देवानं नेमलं म्हणून तो माणसांना बांधील नाही, ही कल्पना मुळात ज्यूंच्या धर्मशास्त्राची, युरोपनं ती तिथून उचलली आणि शतकानुशतकं तिची फळं भोगली.

तेल जेरुसलेमचं, हे कबूल. अभिषेकाची चाल इस्रायलची, हेही कबूल. पण 'माणसांना बांधील नाही' हे शेपूट युरोपनं जोडलेलं आहे, आणि ते जोडण्यासाठी मूळ ग्रंथ उलटा धरून वाचावा लागला. तो कुणी आणि कसा वाचला, हे लपलेलं नाही. स्कॉटलंडचा सहावा जेम्स, पाच वर्षांनी इंग्लंडच्याही गादीवर बसलेला, यानं १५९८ साली 'ट्रू लॉ ऑफ फ्री मोनार्कीज' नावाची पुस्तिका लिहिली. राजा गादीवरून लिहितो तेव्हा पुराव्याला कोण हरकत घेणार? त्यानं साक्षीला बोलावलं शमुवेल संदेष्ट्याला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय समोर ठेवला आणि सांगितलं की पाहा, राजा काय काय घेईल याची यादी इथे दिली आहे आणि प्रजेनं ते निमूट सोसायचं आहे. अर्ध्या शतकानंतर, १६५१ मध्ये, तत्त्वज्ञ हॉब्जनंही 'लेव्हायथन'मध्ये त्याच अध्यायावर भिस्त ठेवली.

तो अध्याय नीट वाचू. शमुवेल म्हातारा झाला आहे. त्याचे दोन्ही मुलगे बैर-शेब्यात न्यायासनावर बसून लाच खातात. वडीलधारे रामा गावी येऊन सांगतात की आजूबाजूच्या राष्ट्रांना राजा आहे, आम्हालाही हवा. तक्रार खरी होती, पण उपाय शमुवेलाला पटला नाही. आणि देवाचं उत्तर असं की त्यांनी तुला नाही, मला नाकारलं आहे, तरी त्यांचं ऐक, मात्र आधी सावध कर. मग येते ती प्रसिद्ध यादी. तुमचे मुलगे तो रथांपुढे धावायला नेईल, मुली अत्तरं करायला, स्वयंपाकाला आणि भट्टीवर. उत्तम शेतं, द्राक्षमळे, जैतुनाच्या बागा घेऊन चाकरांना वाटेल. धान्याचा दशांश घेईल. शेवटी तुम्ही त्याचे गुलाम व्हाल, ओरडाल, आणि ऐकणारा कुणी नसेल. ही धोक्याची सूचना आहे. जेम्सनं ती अधिकारपत्र म्हणून वाचली. औषधाच्या बाटलीवरचा 'विष' हा इशारा डोस समजून वाचावा, तसा हा प्रकार.

आता प्रतिपक्षाची बाजूही मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. हा वाद जेम्सच्या जन्माआधी तेराशे वर्षं ज्यू पंडितांतच झालेला आहे. तिसऱ्या शतकात बाबिलोनियात राव आणि श्मुएल (संदेष्ट्याचा केवळ नामबंधू) हे दोघे दिग्गज होते. तालमूदच्या 'सन्हेद्रिन' भागात श्मुएलचं मत नोंदलं आहे की त्या अध्यायात सांगितलेलं सगळं राजाला मुभा असलेलं आहे. राव म्हणतो, ते केवळ लोकांना धाक घालायला सांगितलं. बाराव्या शतकात मायमोनिडीजनं आपल्या 'मिश्ने तोराह'मध्ये श्मुएलची बाजू घेतली. त्याच्या राजाला कर बसवता येतात, बंडखोराला देहदंड देता येतो, नेहमीच्या न्यायालयाला लागतो तेवढा पुरावा नसतानाही खुन्याला मारता येतं. मिश्ने या त्याहून जुन्या कायदेसंहितेतला राजा तर परक्याच्या शेतातून आपला रस्ता काढतो आणि त्याला कुणी अडवायचं नाही. तेव्हा ज्यू कायद्यातला राजा म्हणजे निव्वळ शोभेचा बाहुला, असं सांगणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. टॉमस पेननं १७७६ मध्ये हाच अध्याय वापरून राजेशाही हे पापच ठरवलं, तीही अतिशयोक्तीच.

पण राजाला अधिकार असणं वेगळं आणि तो कायद्याबाहेर असणं वेगळं. श्मुएलची बाजू घेणाऱ्यांनाही हा फरक सोडता आला नाही, आणि त्याचं कारण नाबोथाचा मळा.

गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकातली, एकविसाव्या अध्यायातली. इज्रेलात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा आहे. राजाला तिथे भाजीपाला लावायचा आहे. तो रीतसर बोलणी करतो: याहून चांगला मळा देतो, नको असेल तर रोख किंमत देतो. आजच्या एखाद्या भूसंपादनाच्या नोटिशीपेक्षा प्रस्ताव उदारच म्हणायचा. नाबोथ म्हणतो, ही वाडवडिलांची मिरास आहे, देणार नाही. यावर इस्रायलचा राजा काय करतो? घरी येतो, बिछान्यावर पडतो, तोंड फिरवतो आणि जेवायला नकार देतो. हे दृश्य मी कितीदा वाचलं तरी थांबतोच. शेजारपाजारच्या कुठल्याही सम्राटाला मळा हवा असता तर शिपाई पाठवून भागलं असतं. अहाबपाशी सैन्य होतं, रथ होते, आणि तरी नकाराला त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. उत्तर त्याच्या बायकोला सुचलं. ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी, राजा असा रुसून बसतो हेच तिला कळेना. तिनं अहाबच्या नावानं पत्रं लिहिली, त्याची मोहोर उठवली, गावच्या वडीलधाऱ्यांना उपासाचा दिवस पुकारायला लावला, नाबोथाला लोकांसमोर बसवलं आणि दोन भाडोत्री साक्षीदार उभे केले: यानं देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचलं.

ईजबेलला खटला का रचावा लागला? दोन साक्षीदार का लागले? दोनाशिवाय मृत्युदंड देता येत नाही, हा तोराहचा नियम तिला मोडता आला नाही म्हणून. तो वाकवावाच लागला. कायद्याचा एवढा विकृत मान ठेवावा लागतो तेव्हा कायदा तिथे हजर असतो. मध्ययुगातले तोसाफोत म्हणून ओळखले जाणारे भाष्यकार श्मुएलच्या मतावर नेमका हाच प्रश्न घालतात: राजाला मळे घ्यायची मुभा होती, तर अहाबला शिक्षा का झाली? त्यांनी उत्तरंही दिली. एक असं की मुभा चाकरांना देण्यापुरती आहे, स्वतःच्या भाजीपाल्यासाठी नाही. उत्तर पटो न पटो, प्रश्न कुठून आला ते पाहा. नाबोथाचा खून म्हणजे गुन्हा, हे गृहीत धरूनच पंडित राजाच्या हक्काचा अर्थ लावायला बसतात.

अहाबला मळ्यात गाठून जाब विचारणारा एलीया. अलिबागजवळच्या खंडाळे गावात बेने इस्रायल मंडळी ज्याचा टापा दाखवतात, मलिद्याच्या वेळी ज्याचं नाव घेतात, तो एलियाहू हन्नाबी हाच. कोकणात नवस बोलायला त्याच्याकडे जाणाऱ्यांना त्याची ओळख तारणहार म्हणून जास्त असेल. ग्रंथात तो राजाच्या तोंडावर, तू खून केलास आणि वर मळाही बळकावलास, असं म्हणणारा माणूस आहे.

दैवी हक्कवाल्यांचा दुसरा पुरावा अभिषेकाचा. शौल दावीदाच्या जिवावर उठलेला असतो, एन-गेदीच्या गुहेत तो आयता हाती सापडतो, आणि दावीद त्याच्या झग्याचा फक्त काठ कापतो. देवाच्या अभिषिक्तावर हात टाकायला तयार होत नाही. पुरावा वजनदार आहे. पण यातून एवढंच निघतं की अभिषिक्ताचा खून करू नये. (शिवाय बोलणारा दावीद स्वतः अभिषेक झालेला, गादीची वाट पाहणारा, या तत्त्वात त्याचं स्वतःचं हित होतं हेही विसरू नये.) शौलाला तेल लावणारा शमुवेलच पुढे त्याला तुझं राज्य गेलं असं सुनावतो. दावीदालाही तेलाचा उपयोग झाला नाही. उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन त्याची बायको बथशेबा घेतल्यावर नाथान दरबारात येतो, एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची कथा सांगतो, दावीद संतापून त्या श्रीमंताला मृत्युदंड सुनावतो आणि मग कळतं की निकाल स्वतःवरच दिला. तालमूदमध्ये दावीदाची वकिली करणारेही भेटतात. उरीया राजद्रोही होता असा युक्तिवाद 'शब्बाथ' भागात आहे. पण त्या वकिलांनी नाथानाची गोष्ट ग्रंथातून काढली नाही, आणि कुणाला काढू दिली नाही.

आता ज्या सात वचनांभोवती हे सगळं उभं आहे तिथे येऊ. मराठी बायबलमध्ये तोराहच्या पाचव्या पुस्तकाचं नाव 'अनुवाद'. त्याच्या सतराव्या अध्यायाचा शेवट हा राजाचा कायदा. राजा आपल्यातलाच हवा, परका नको. त्यानं घोडे फार वाढवू नयेत, त्यासाठी लोकांना मिसरात धाडू नये. बायका फार करू नयेत. सोनंरुपं फार साठवू नये. आणि गादीवर बसल्यावर याजकांपाशी असलेल्या प्रतीवरून या नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी करावी, ती जन्मभर वाचावी, म्हणजे त्याचं मन आपल्या भावांपेक्षा उंच चढणार नाही. संपला कायदा. राजानं काय करावं याची एकच आज्ञा, तीही लेखन-वाचनाची. बाकी सगळ्या मनाया.

घोडे म्हणजे सैन्य, बायका म्हणजे परराष्ट्रांशी सोयरिकी, सोनं म्हणजे खजिना. राजाला मोठं करणाऱ्या तिन्ही गोष्टींवर लगाम. इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नेनं त्यांना हिशेब लावला: बायका अठरापर्यंत (आकडा वाचून हसू येतं, पण शलमोनाच्या सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी मोजल्या की अठरा म्हणजे वैराग्यच), घोडे रथापुरते, सोनंरुपं सैन्याच्या पगारापुरतं. स्वखुशीचं युद्ध काढायचं तर एकाहत्तर जणांच्या न्यायमंडळाची परवानगी. मायमोनिडीज तर सांगतो की एक घोडा जादा ठेवला तरी राजाला फटके. त्याच्याच ग्रंथात राजाची पोथी एकाहत्तरांच्या मंडळासमोर मंदिरातल्या प्रतीशी ताडून घ्यायची आहे. तालमूदच्या कल्पनेत ती पोथी राजा ताइतासारखी दंडावर बांधून हिंडतो. लढाईत, न्यायासनावर, जेवताना ती सोबत असते.

यातली खरी मेख वेगळीच आहे. पॅरिसच्या लूव्रमध्ये हम्मुराबीचा काळा शिलास्तंभ आहे. माथ्यावर सूर्यदेवापुढे उभा राजा कोरलेला, आणि खाली आहेत ते त्या राजाचे कायदे. तो तसं अभिमानानं सांगतोही. तोराहमधला एकही नियम कुणा राजाच्या नावावर नाही. लुटीची वाटणी लढणाऱ्यांत आणि सामान राखणाऱ्यांत सारखी व्हावी, हा एक नियम बायबलमध्ये दावीदाचा म्हणून येतो, तो शमुवेलाच्या पुस्तकात, आणि दावीद अजून राजा झालेला नसतानाचा. शलमोन शहाणपणाबद्दल जगजाहीर. तोराहच्या नियमांत त्याची भर शून्य. राजा इथे कायदा देत नाही, नक्कल करून घेतो. दैवी हक्काचा सिद्धान्त ज्या पायावर उभा राहायचा, म्हणजे राजाची इच्छा हाच कायदा, तो पायाच या जमिनीत घातलेला नाही.

यावर अभ्यासकांचा आक्षेप ठरलेला: हा कायदा मोशेच्या काळचा नाहीच, इ.स.पू. ६२२ च्या सुमारास योशीया राजाच्या कारकिर्दीत मंदिरात जी पोथी 'सापडली' तिच्याशी त्याचा संबंध आहे, आणि शलमोनाची फजिती डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. असेल. मला त्यात अडचण दिसत नाही, उलट मुद्दा बळकट होतो. सत्तेवर असलेल्या राजाच्या कारकिर्दीत, त्याच्याच पूर्वजाच्या वैभवाला गुन्ह्यांची यादी बनवणारा कायदा पुढे येतो आणि राजा तो ऐकून अंगावरचे कपडे फाडतो. त्याच्या मुलानं काय केलं तेही नोंदलेलं आहे. यहोयाकीम हिवाळी वाड्यात शेगडीपुढे बसला आहे. यिर्मयानं सांगितलेली आणि बारूखानं लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवताहेत. तीन-चार रकाने वाचून झाले की लेखनिकाच्या चाकूनं तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा, असं करत सगळी गुंडाळी जळते. जाळू नका म्हणून तिघे दरबारी विनवतात. राजा ऐकत नाही. बाप कपडे फाडतो, मुलगा पोथी. यिर्मयानं ती पुन्हा सांगितली आणि वर आणखी मजकूर घातला. याच यहोयाकीमानं मजुरी न देता वाडा बांधवला म्हणून यिर्मया त्याला गाढवाची मूठमाती मिळेल असं बजावून ठेवतो.

मग शेवटचा आणि मला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप: नियम कागदावर राहिले, राजांनी वाटेल ते केलं. हो, केलं. ज्यू परंपरेनं हे झाकलं नाही. मिश्ने सांगते की राजा न्याय करत नाही आणि त्याचा न्याय होत नाही. दैवी हक्कवाला इथे टाळ्या वाजवेल. पण तालमूद लगेच सांगतो की हे दावीदाच्या घराण्याला लागू नाही; त्यांचा न्याय होतो. बाकीच्यांचा का होत नाही, तर एका प्रसंगामुळे. हस्मोनी घराण्यातला यन्नाय राजा, इ.स.पू. १०३ ते ७६ राज्य करणारा. त्याच्या चाकरानं खून केला. न्यायमंडळातला शिमोन बेन शेताख सहकाऱ्यांना म्हणाला, याचा निवाडा करू, आणि मालकालाही बोलावू. यन्नाय आला आणि बसला. शिमोननं त्याला उभं राहायला सांगितलं: तू आमच्यापुढे नाही, ज्यानं जग घडवलं त्याच्यापुढे उभा राहतोस. यन्नाय म्हणाला, तुझं नाही, तुझ्या सहकाऱ्यांचं काय ते ऐकतो. शिमोननं उजवीकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. डावीकडे पाहिलं, तेच. कथेत देवदूत गब्रिएल येऊन त्या मान खाली घालणाऱ्यांना मारून टाकतो.

म्हणजे राजाला मिळालेली ती सूट धर्मशास्त्रानं दिलेला मान नाही. न्यायाधीश घाबरले आणि राजा माजला, म्हणून नाइलाजानं घेतलेली ती माघार आहे, आणि ती माघारच आहे असं परंपरेनं लिहून ठेवलं. आग्रिप्पा राजाचंही तसंच. दर सातव्या वर्षाअखेर मांडवसणात राजानं लोकांपुढे शास्त्र वाचायचं असे. आग्रिप्पानं उभं राहून वाचलं, परका राजा नको या वचनापाशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याच्या घराण्याचं मूळ अदोमी. लोक म्हणाले, घाबरू नकोस, तू आमचा भाऊच आहेस. मिश्नेत हा हृद्य प्रसंग आहे. तालमूदचा शेरा मात्र कडवट: राजाची खुशामत केली त्या घटकेला लोक विनाशाला पात्र ठरले. रडणाऱ्या राजाचं सांत्वनसुद्धा ज्यांना खुपतं, त्यांच्या अंगावर राजपूजेचा आरोप?

राज्य गेल्यावर हे सगळं कोरडं पांडित्य उरलं, असंही नाही. परक्या सत्तेखाली राहताना श्मुएलनंच नियम घातला की राज्याचा कायदा हा कायदा. त्याला तालमूदनं लगेच कड बांधली: ज्याच्या वसुलीला मर्यादा नाही तो जकातदार लुटारूच. मायमोनिडीजनं त्याचा तर्क पुरा केला. राजानं सर्वांना सारखा लागू होईल असा कायदा केला तर ती लूट नव्हे. एकट्या माणसाची मालमत्ता कायद्याबाहेर घेतली तर ती लूट, घेणारा राजा असला तरी. पंधराव्या शतकात अब्राबानेल पोर्तुगालच्या राजाचा खजिनदार होता, मग स्पेनच्या फर्डिनंड-इझाबेलाच्या दरबारात गेला, १४९२ मध्ये बाकी ज्यूंबरोबर हाकलला गेला. त्यानं शमुवेलाच्या त्याच अध्यायावर भाष्य करताना लिहिलं की राजा असणं मुळीच अपरिहार्य नाही. व्हेनिस, फ्लॉरेन्स, जेनोवा पाहा, मुदतीचे अधिकारी नेमून त्यांचं चाललं आहे. तोच अब्राबानेल प्रजेला बंडाचा हक्क मात्र देत नाही, हेही सांगायला हवं. पण जेम्सच्या शंभर वर्षं आधी, त्याच पानावरून, राजांची चाकरी केलेला एक ज्यू नेमका उलट निष्कर्ष काढून गेला होता.

म्हणून, ज्यू शास्त्रातला निरंकुश राजा हे वाक्य पुन्हा लिहिणाऱ्यांना माझं एवढंच आव्हान: त्या शास्त्रातला असा एक नियम दाखवा, जो राजाला शेजाऱ्याचा मळा बळकावू देतो आणि ज्यावर त्याच शास्त्रात कुणी हरकत घेतलेली नाही.